आकाशातून पडलेले मूल



आपली नववी-दहावीची मुले मधल्या सुट्टीत सध्या एका इंग्रजी भयपटाबद्दल बोलतात. चित्रपटाचे नाव ‘ब्राइटबर्न’, साल २०१९. ही सुपरमॅनचीच कथा, पण उलटी फिरवलेली. कॅन्सस राज्यात मूलबाळ नसलेल्या एका शेतकरी जोडप्याला आकाशातून पडलेल्या यानात बाळ सापडते. ते त्याला पोटच्या पोराप्रमाणे वाढवतात. मुलगा १२ वर्षांचा होताच त्याच्या अंगातील शक्ती जागी होते आणि लोकांचे रक्षण करण्याऐवजी तो माणसे मारू लागतो. अमेरिकेत १७ वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाशिवाय हा चित्रपट पाहता येत नाही. आपल्याकडे मोबाईल हातात आला की कोण कोणाला विचारतो?

आपल्याला हे सर्वस्वी नवीन नाही. १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू मृत्युंजय मंत्र मिळवतो तो काही जनकल्याणासाठी नव्हे. पण त्या बाहुल्याला भिता भिता आपण हसत होतो. ‘ब्राइटबर्न’मध्ये हसू येत नाही.

माझा आक्षेप रक्तपाताला आहेच. त्याहून मोठा आक्षेप कथेच्या मुळाशी आहे. शेतातल्या कोठारात लपवलेले यान मुलाला हाक मारते, जग ताब्यात घे असे सांगते आणि तो बिघडतो. म्हणजे आईबापाने दिलेली १२ वर्षांची माया फुकट, मुळातले वाण खरे! दत्तक मुलाने हे पाहिले तर त्याने काय समजावे? आपल्या शाळेतही आजी-आजोबांकडे, मामाकडे राहून शिकणारी मुले आहेत. ‘शेवटी परक्याचंच पोर’ हे वाक्य त्यांनी गावात ऐकलेले असते. त्यात पडद्यानेही भर घालावी हे मला पटत नाही.

कृष्ण यशोदेच्या घरी वाढला, कर्ण राधेच्या. दोघांनाही परक्या घरी माया कमी पडली नाही. कर्णाला कवचकुंडले होती, पण भर सभेत त्याला सूतपुत्र म्हणून हिणवले गेले आणि त्या वेळी जवळ घेतले ते दुर्योधनाने. त्याचे पुढे काय झाले ते आपण जाणतो.

म्हणून मला २०२१ चा मल्याळम चित्रपट ‘मिन्नल मुरली’ अधिक खरा वाटतो. तो तेलुगू आणि हिंदीतही आहे, त्यामुळे घरी सर्वांना समजेल. एकाच रात्री दोन माणसांवर वीज पडते, एक शिंपी आणि दुसरा चहाच्या दुकानात काम करणारा शिबू. शक्ती दोघांना सारखीच मिळते. पण शिबूला गावाने आयुष्यभर वेडा म्हणून हिणवले आहे. पुढे तो गाव जाळायला निघतो तेव्हा त्याची भीती वाटते आणि कीवही येते. कोणतेही यान त्याला हाक मारत नाही. (मारामारी यातही आहे, लहान मुलांना एकटे बसवू नका.)

‘ब्राइटबर्न’मधील एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. आईबाप त्या मुलापासून त्याच्या जन्माची हकीकत लपवतात आणि ती त्याला अगदी वाईट वेळी कळते. आपल्याकडे अशी किती घरे असतील!

येत्या शनिवारी शेवटच्या तासाला नववी-दहावीत कर्णावर चर्चा ठेवली आहे. ज्या पालकांना, विशेषतः आजी-आजोबांना, यायचे असेल त्यांनी अवश्य यावे. खुर्च्या मागे मांडून ठेवू.