'पर्सी'चा 'प्रेसी' होतो तेव्हा

'पासावळ्यात शेकतऱ्यांची धापवळ उडते.' हे वाक्य वाचताना आपण क्षणभर अडखळला असाल. पण अर्थ लागला ना? २००३ साली असाच एक इंग्रजी मजकूर ई-मेलमधून जगभर फिरला. शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर जागेवर असले, की मधली कशीही चालतात, असे केंब्रिज विद्यापीठाचे संशोधन सांगते म्हणे! केंब्रिजमध्ये असे संशोधन झालेलेच नव्हते. मूळ धागा नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या ग्रॅहॅम रॉलिन्सन यांच्या १९७६ च्या प्रबंधाचा. शिवाय हे वाचन फुकटही पडत नाही. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की मधली अक्षरे हलली तर वाचनाचा वेग सुमारे ११ टक्क्यांनी घटतो आणि सुरुवातीची हलली तर ३६ टक्क्यांनी.

या गमतीतून एक गैरसमज मात्र घट्ट झाला. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला सगळे पुस्तक असेच दिसते, असे आपण धरून चालतो. बहुतेकांची अडचण डोळ्यांत नसतेच. बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करून त्यांची अक्षरांशी सांगड घालणे त्यांना जड जाते. 'पासावळ्यात' आपण वाचले, कारण 'पावसाळा' डोळ्यांखालून हजारदा गेलेला आहे. या मुलाच्या खात्यात ती शिल्लक साठतच नाही. मग मोडका शब्द तो कशाच्या जोरावर जुळवणार?

एक विरळा प्रकार आहे, त्यात अक्षरे खरोखरच जागा बदलतात. तेल अवीवच्या नामा फ्रीडमन यांनी तो हिब्रू वाचकांत अभ्यासला. हिब्रूत स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे दोन व्यंजने इकडची तिकडे झाली, की दुसराच खरा शब्द उभा राहतो. आपल्याकडे 'कलम'चे 'कमल' व्हावे तसा. गंमत अशी, की विस्कटलेला निरर्थक शब्द ही माणसे पुष्कळदा बरोबर म्हणूनच वाचून जातात.

इंग्लंडमधल्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये चौदा वर्षांच्या पर्सीची हकिकत छापली. तो स्वतःचे नाव 'प्रेसी' असे लिही, आणि चूक दाखवली तरी ती त्याच्या लवकर लक्षात येत नसे. शिकवणे सगळे तोंडी असते, तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते.

हे वाचले आणि मला आमच्या शाखेतला एक कारकून आठवला. रोजचा मेळ लागेना, की आम्ही फरकाला नवाने भागून पाहत असू. भाग गेला, तर कुठे तरी ५४ चे ४५ झाले असण्याची शक्यता. आणि ते 'कुठे तरी' बहुधा याच्याच लेजरमध्ये सापडे. परिपत्रक आले, की तो शेजाऱ्याला म्हणे, "जरा मोठ्याने वाच रे." एकदा ऐकले, की नियम कलमांसह तोंडपाठ! त्याला डिस्लेक्सिया होता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तेव्हा तो शब्दही माझ्या कानांवर आलेला नव्हता. दहावीच्या मुलांना आता यासाठी जादा वेळ मिळतो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ही अक्षमता आली आहे. त्याच्या गोपनीय अहवालात मात्र मी, बरेच वळणदार अक्षर काढून, 'निष्काळजी' असे लिहिले होते. त्याची बढती तीन वर्षे अडली.