खर्जाचे वाद्य आणि कॉम्प्रेसरची पेटी

कॉम्प्रेसर हा शब्द कानी पडला असता आमच्या सिंदी मेघेतील गृहस्थांस मोटारीच्या चाकात हवा भरणारे किंवा शीतकपाटाच्या पाठीमागे घुरघुरणारे यंत्र आठवावे, हे स्वाभाविकच होय. परंतु शाळेच्या वाद्यवृंदातील ज्या मुलांनी अलीकडे विजेवर चालणारी बास गिटार हाती घेतली आहे, त्यांच्या तोंडी हाच शब्द निराळ्या अर्थाने खेळत असतो. वाजणाऱ्या नादातील लहानमोठेपणा कमी करून त्यास एका पातळीवर आणणारी, पायाने दाबावयाची एक चिमुकली पेटी त्यांस हवी आहे. आणि ती संगीतविभागाच्या तुटपुंज्या शिलकेतून यंदाच घ्यावी, अशी त्यांची मागणी आहे. मागणी अवाजवी नाही, पण अवेळी आहे, असे आमचे मत असून त्याची कारणे येथे मांडण्याचे योजिले आहे.

बास गिटार हे खर्जाचे वाद्य. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बास’ या नावाने ती बाजारात आणली. तत्पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीचे उभे तंतुवाद्य करीत असे आणि इतर वाद्यांच्या गर्दीत त्याचा आवाज बुडून जाई. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हे नवे वाद्य रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हे बास गिटार वाजवीत. गाणे ऐकणाऱ्या शंभरांतील नव्वदांस हा आवाज कोठून येतो हे सांगता येणार नाही. पण तो काढून घेतला तर गाण्याखालची जमीन सरकल्यासारखे त्यांस खचित वाटेल.

आता खर्जाचा धर्मच असा खोडसाळ आहे की, वाजविणाऱ्याच्या हाताचे सारे दोष तो चव्हाट्यावर आणतो. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली प्रयोगांनी दाखविले की, आपला कान खालच्या स्वरांस मंद असतो. मात्र ते स्वर एकदा ऐकू येऊ लागले म्हणजे त्यांच्या तीव्रतेतील थोडासा चढउतारही पुष्कळ मोठा भासतो. त्यातून तर्जनीचा आघात एक, मध्यमेचा दुसरा. जाड तारेचा स्वभाव निराळा, बारीक तारेचा निराळा. एक स्वर धडकन अंगावर येतो आणि त्याच्या शेजारचा कोठे गेला ते कळत नाही.

येथे ही पेटी उपयोगी पडते. तीत एक मर्यादा ठरविलेली असते. प्रमाण चारास एक ठेविले, तर त्या मर्यादेच्या वर दहा डेसिबल गेलेला नाद अवघा अडीच डेसिबल वर निघतो. मग सगळाच आवाज थोडा चढवून घेतात. त्यामुळे हळू वाजलेले स्वर पुढे येतात आणि विरत चाललेली तार अधिक वेळ ऐकू येते. मात्र पेटीने नाद किती लवकर धरावा व किती लवकर सोडावा, यात खरी मेख आहे. फार लवकर धरला तर बोटाचा पहिला ठसाच पुसला जातो. फार लवकर सोडला तर निराळीच आपत्ती ओढवते. सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे तिचे एक कंपन सेकंदाच्या सुमारे २४ सहस्रांशांत पुरे होते. पेटीची धरसोड याहूनही चपळ ठेविली, तर ती प्रत्येक कंपनाचाच आकार चेपू लागते आणि गोल नाद खरखरीत होतो.

ही लबाडी आहे, असे आमचे काही जुने स्नेही म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. पूर्वी चित्रपटाचा ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशरेषेने उमटवीत. त्या रेषेची रुंदी ठरलेली. नाद त्याबाहेर गेला की फाटे आणि फार हळू झाला की खरखरीत हरवे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. तशा मध्यम लहरींच्या केंद्रांसही प्रक्षेपणापूर्वी आवाजास असाच लगाम घालावा लागतो. इतके दूर तरी कशास जावे? आपल्या संवादिनीच्या पोटात दुसरा, स्प्रिंगने दाबलेला भाता असतो. हाताने हवा कमीजास्त भरली तरी तो ती एका दाबाने सुरांकडे धाडतो. मौज अशी की, पायाने चालविण्याच्या युरोपीय हार्मोनियममध्ये या साठ्यास वगळणारा ‘एक्सप्रेशन’ नावाचा खटका असतो. तो ओढला की पायाचा प्रत्येक चढउतार थेट सुरात उतरतो, आणि ज्याचा पाय कच्चा त्याची तेथेच फजिती होते.

आमचा आक्षेप या फजितीपासून मुलांची सुटका करण्यास आहे. ज्याने आपला असमान हात ऐकला पाहिजे, त्याच्याच कानावर ही पेटी पडदा टाकते. शिवाय सगळेच चढउतार काही दोष नसतात. समेवर किंचित जोर द्यावा, गायक हळू झाला की आपणही दबावे, ही तर वादकाची भाषा. पेटीस दोष आणि आशय यांतला भेद कळत नाही. तिच्या लेखी दोन्ही मर्यादेच्या वरचे डेसिबल.

आणखी एक अगदी गावठी अडचण आहे. सभागृहातील विजेची भूयोजना सदोष असेल, तर ध्वनिवर्धकातून ५० कंपनांची गुणगुण सतत ऐकू येते. जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा ‘जी’ हा स्वर बरोबर ४९ कंपनांचा. तो या गुणगुणीशी भिडला की सेकंदास एक असे हेलकावे खाऊ लागतो. पेटीने आवाज चढविला म्हणजे दोन स्वरांमधल्या शांततेत हीच गुणगुण डोके वर काढणार. विजेचा दोष तसाच ठेवून पेटी विकत घेणे, म्हणजे गळक्या छपराखाली गालिचा अंथरणे.

सबब आमची सूचना अशी की, यंदाची रक्कम भूयोजनेची दुरुस्ती, चांगल्या तारांचा एक संच आणि जाणत्या वादकाकडून काही पाठ यांवर खर्चावी. हाताची परीक्षा सोपी आहे: तालयंत्र लावून दोन बोटांनी एकच स्वर पाच मिनिटे वाजवावा, त्याचे ध्वनिमुद्रण करावे आणि कोणते बोट केव्हा पडले हे मित्रास ओळखावयास सांगावे. त्यास ओळखता आले नाही, तर पुढील वर्षी पेटी आणण्यास आम्हीच अनुमोदन देऊ. मात्र ती संमेलनापूर्वीच्या अखेरच्या दोन तालमींतच बाहेर काढावी, प्रमाण चाराच्या वर नेऊ नये, आणि सर्वांत जोराच्या स्वरासही चार-सहा डेसिबलहून अधिक दाबू नये.