गोट्यांवर चालणारे इंजिन

आपल्या पाटोदा भागात इंजिन म्हटले की जुन्या माणसांना विहिरीवरचे डिझेल इंजिन आठवते. लांबून आवाज आला तरी कोणाच्या रानात पाणी चालू आहे हे कळायचे. पोरांना विचारले तर ती मोटारसायकलचे नाव घेतात. आज मी ज्या इंजिनाविषयी लिहिणार आहे, त्यात डिझेल नाही, पेट्रोल नाही आणि वाफही नाही. त्यात असते फक्त हवा. आम्ही केलेल्या इंजिनात तर हवेच्या जोडीला चार गोट्या होत्या.

झाले असे की, शेजारच्या आजी एके दिवशी नातवाला घेऊन आल्या. मुलगा नववीत. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले आणि तो आजीपाशी राहिलेला. सहामाहीला विज्ञानात नापास झाला होता.

आजी म्हणाल्या, "दादा, पुढच्या साली मीबी कोयत्यावर जातो म्हणतंय हे लेकरू. साळंत काय कळंना म्हणतंय. तुम्ही जरा बघा."

मी मुलाला विचारले, "उष्णतेने वायूचे काय होते?"

"उष्णतेने वायू प्रसरण पावतात," त्याने घडाघडा सांगितले.

"प्रसरण पावतात म्हणजे काय करतात?"

तो गप्प झाला. वाक्य पाठ होते, पण त्याच्यामागची हवा त्याने कधी पाहिली नव्हती. म्हटले, याला पुस्तक नको, आधी ही हवा काम करताना दाखवू.

सामान साधेच होते. जाड, उष्णता सोसणाऱ्या काचेची एक रुंद परीक्षानळी बीडहून आणली. गोट्या बाजारातच मिळाल्या. एकेक गोटी नळीत सोडून पाहिली. आपोआप घरंगळली पाहिजे, पण कडेने फार फट राहता कामा नये. अशा चार निवडल्या. एक भोकाचे रबरी बूच, हातभर बारीक रबरी नळी, सायकलची जुनी तार, लाकडाची फळी आणि स्पिरिटचा दिवा एवढे गोळा झाले. शिवाय सुई नसलेली प्लास्टिकची नवी सिरिंज घेतली.

परीक्षानळीच्या मधोमध तारेचा वेढा देऊन ती तराजूच्या दांडीसारखी आडवी टांगली. एका बाजूला नळीचे बंद तोंड, त्याच्याखाली दिवा. दुसऱ्या बाजूला बूच. त्या बुचाखाली सिरिंज उभी बसवली. बुचातून निघालेली रबरी नळी सिरिंजच्या खालच्या टोकाला जोडली. सिरिंजचा दट्ट्या वर आला की बुचाची बाजू उचलली जावी, अशी ही जोडणी होती. बुचाची बाजू किंचित जड ठेवली, म्हणजे सुरुवातीला गोट्या तिकडे जमतात.

आता काय व्हायला हवे ते पाहा. गोट्या बुचाकडे असल्या की नळीतली बहुतेक हवा दिव्याच्या बाजूला असते. ती तापते, फुगते आणि दट्ट्याला वर ढकलते. बुचाची बाजू वर जाते, गोट्या घरंगळून दिव्याकडे येतात आणि हवेला तिथून हुसकून थंड बाजूला पाठवतात. तिथे हवा निवते, आकसते आणि दट्ट्या खाली बसतो. नळी पुन्हा कलंडते, गोट्या परत बुचाकडे. हवा पुन्हा गरम बाजूला. दिवा आहे तोवर हे चालू राहते. गोट्या इंजिन ओढत नाहीत. त्यांचे काम फक्त हवेला इकडून तिकडे पाठवण्याचे.

कागदावर सगळे बरोबर होते. दिवा लावला आणि काहीच झाले नाही!

मुलगा म्हणाला, "काका, माझ्या हाताला यशच नाही."

मी म्हटले, "हाताचा काय दोष? कारण शोध."

बुचाच्या कडेला साबणाचे पाणी लावले तर बुडबुडे आले. हवा गळत होती. बूच घट्ट बसवले. तरी दट्ट्या हलेना. प्लास्टिकच्या सिरिंजला आतून रबर असते. ते काचेसारखे सहज सरकत नाही. थोड्याशा हवेचा सगळा जोर त्या घासण्यातच संपत होता. पूर्वी डॉक्टर काचेच्या सिरिंज उकळून वापरत. तशी न वापरलेली एक मिळवली. तिचा काचेचा दट्ट्या बोटाने नुसते टिचकले तरी सरकतो. तिसऱ्या दिवशी तारेचा वेढा दोन बोटे सरकवून तोल साधला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नळीने एक डुलकी घेतली. मग दुसरी. मग टक्-टक्, टक्-टक् करत गोट्या फिरू लागल्या. आजी चुलीपुढून उठून आल्या. "आतून कोण हलवतंय रं?" त्यांनी विचारले.

"हवा, आजी. हवा प्रसरण पावतीय," मुलगा म्हणाला. या वेळी ते पाठ केलेले वाक्य नव्हते.

पाच मिनिटांनी इंजिन मंदावले. मुलाने दिव्याची वात वाढवली, तरी ते थांबले. त्याने बुचाच्या बाजूला हात लावून पाहिला. तीही बाजू तापली होती! मी काही सांगण्याआधीच त्याने फडक्याची चिंधी ओली करून, पिळून, त्या बाजूला गुंडाळली. इंजिन पुन्हा चालू. या साऱ्या खटाटोपातली खरी गोष्ट त्याला त्याची त्याला सापडली होती. इंजिन नुसत्या उष्णतेवर चालत नाही, ते उष्ण आणि थंड यांच्यातल्या फरकावर चालते. दोन्ही बाजू सारख्याच तापल्या, तर कितीही जाळ घाला, काम होत नाही.

याचा हिशेबही सोपा आहे. 27 अंश सेल्सिअसची हवा 127 अंशांपर्यंत तापवली, तर तेवढ्याच दाबाखाली ती एक तृतीयांशाने वाढते. पण एक बाजू 127 आणि दुसरी 27 अंशांवर असेल, तर शंभर भाग उष्णतेतून जास्तीत जास्त पंचवीस भाग काम मिळू शकते. ही मर्यादा असते, हे फ्रान्सच्या सादी कार्नो याने 1824 मध्ये दाखवून दिले. प्रत्यक्षात गळती आणि घर्षण त्यातलेही बरेच खातात. आमच्या इंजिनाने पंचवीस कुठले, एक भागही दिला नसेल. पण चालले!

पाडव्याच्या सुमारास पट्टा पडला आणि मुलाचे आई-वडील घरी आले. मुलाने वडिलांना इंजिन चालवून दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले. सहा महिने साखर कारखान्याच्या दारात काढलेला माणूस. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "याला बॉयलर नाही का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग फुटायचं भ्या नाही."

त्यांच्या या एका वाक्यात या इंजिनाचा जुना इतिहास होता. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट स्टर्लिंग नावाचे एक पाद्री होते. त्यांनी 1816 मध्ये या हवेच्या इंजिनाचे पेटंट घेतले, म्हणून त्याला स्टर्लिंग इंजिन म्हणतात. त्या काळी वाफेच्या इंजिनांचे बॉयलर फुटत आणि जवळ काम करणारे मजूर भाजून मरत. या इंजिनात कोंडलेली वाफच नाही. आतली हवा गळाली, तर इंजिन फक्त बंद पडते. 1818 मध्ये असे एक इंजिन तिथल्या एका दगडखाणीत पाणी उपसण्याच्या कामाला लागले. पुढे रॉबर्ट यांचे इंजिनिअर बंधू जेम्स यांनी डंडी गावच्या ओतकामाच्या कारखान्यात मोठे इंजिन बसवले. पण त्या काळच्या लोखंडाला ती उष्णता सोसेना. गरम बाजूचे सिलिंडर पुन्हा पुन्हा जळून खराब झाले आणि 1847 मध्ये तिथे परत वाफ आली. कल्पना खरी होती, तिच्या तोलाचे पोलाद अजून व्हायचे होते.

तरी हे इंजिन संपले नाही. वीज नसलेल्या घरांत रॉकेलच्या दिव्यावर फिरणारे पंखे याच तत्त्वावर चालत. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने 1930 नंतरच्या दशकात वीज नसलेल्या भागात रेडिओ चालावेत म्हणून या इंजिनावर काम सुरू केले. पुढे ट्रान्झिस्टर आला, रेडिओ बॅटरीवर चालू लागले आणि ती गरज संपली. पण स्वीडनने 1995 मध्ये पाण्यात सोडलेल्या गॉटलंड पाणबुडीतही स्टर्लिंग इंजिने आहेत. शिवाय उष्णता बाहेरून द्यायची असल्यामुळे सरपण, उसाची चिपाडे, गोवऱ्या, आरशाने एकवटलेले ऊन, काहीही चालते.

घरी करून पाहणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. मोठे माणूस जवळ असल्याशिवाय दिवा लावू नये. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून प्रयोग सावलीत करावा आणि पेटत्या दिव्यात स्पिरिट कधीही ओतू नये. परीक्षानळी आतून पूर्ण कोरडी हवी. आत पाणी राहिले तर त्याची वाफ होऊन बूच उडते, म्हणजे आपण बॉयलरच केला म्हणायचे. ओली चिंधी फक्त बुचाच्या बाजूला. तापलेल्या काचेवर थेंब पडला तर ती तडकते. गोट्यांच्या माराने तळ फुटू नये म्हणून आत तारेच्या घासणीचा लहानसा तुकडा ठेवावा. आणि दट्ट्याची वाट कधी बंद करू नये.

वडिलांनी त्या दिवशी मुलाच्या शाळेविषयी काहीच म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते माझ्या दारात आले. हातात थंड पेयाचे दोन रिकामे डबे आणि एक जुनी सीडी होती. म्हणाले, "पोरगं म्हणतंय, याचं चाकाचं इंजिन होतंय. यंदा दहावीचं साल हाय त्याचं. अभ्यास सांभाळून करू द्या."

डबे धुऊन उन्हात वाळत ठेवले आहेत. चाकाला गती आली की कळवीनच.