वर्दी सरकारची, शिलाई जवानाची

येलहंक्याच्या पोस्टिंगवरही परेडच्या आदल्या संध्याकाळी टेलरकडे रांग असतेच. स्टोअरमधली वर्दी अंगाला बसत नाही आणि परेडला ढिली चालत नाही. बाही कमी करा, कंबर आत घ्या, बढती झाली की फीत लावा. पैसे जवानाचेच.

‘ड्रेस अलाउन्स मिळतो ना!’ मिळतो. जुलै २०१७ पासून जवानाला वर्षाला १०,००० ठरला. पण धुलाई, बूट, किट देखभालीचे वेगळे भत्ते त्यातच गेले. वाढतो कधी? महागाई भत्ता ५० टक्क्यांनी चढला की. शिलाईचे दर तोवर थांबत नाहीत.

टेलरशी घासाघीस नको. त्यालाही पोट आहे. मापाची वर्दी हा जवानाचा शौक नाही, हुकूम आहे. हुकूम देणाऱ्यानंच शिलाई भरावी.