न उडालेल्या विमानाचा हिशेब

अमेलिया इअरहार्टचे नाव निघाले की सगळे २ जुलै १९३७ वर जाऊन थांबतात. पॅसिफिकवर विमान नाहीसे झाले. कोणी म्हणतो ती बेटावर उतरली, कोणी म्हणतो जपान्यांनी पकडली. मला विचाराल तर त्या कहाणीतला खरा दिवस २० मार्चचा. त्या दिवशी विमान उडालेच नाही.

होनोलुलूजवळच्या ल्यूक फील्डवर पहाटे तिचे दोन इंजिनांचे लॉकहीड इलेक्ट्रा धावू लागले. टाक्यांत सुमारे ९०० गॅलन पेट्रोल. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो. ते जरा तिरके झाले, की मागून ढकललेल्या भरल्या हातगाडीसारखे आपणहून आणखी वळत जाते. इलेक्ट्रा उजवीकडे गेले, सावरताना डावीकडे गर्रकन फिरले आणि आडव्या ताणाने चाकांचा सांगाडा मोडला. विमान पोटावर घसरत गेले. तिने स्विच बंद केले. आग लागली नाही, कोणाला इजा झाली नाही.

मग वाद. टायर फुटला, की इंजिनांचा जोर कमीजास्त करताना तिचाच हात चुकला? तांत्रिक सल्लागार पॉल मांट्झ तिला दोष देई. वाद अजून मिटलेला नाही. हयात बँकेत गेल्यामुळे मला ही तऱ्हा ओळखीची वाटते. रोखीत फरक आला, की ‘कोणी केले?’ विचारायला सगळे हजर. त्यापायी पुढे काय काय हलले, याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

इथे पुष्कळ हलले. विमान बोटीने कॅलिफोर्नियाला नेऊन दुरुस्त केले. तोवर ऋतू बदलला, म्हणून प्रवासाची दिशाच उलटी केली. पहिल्या बेतात होनोलुलूनंतर लगेच येणारे हाउलंड हे चिमुकले बेट आता जवळजवळ शेवटी आले. कराची, कलकत्ता, रंगून करून अंग मोडून गेल्यावर. बिनतारी संदेशांत तरबेज असलेला हॅरी मॅनिंग अपघातानंतर मोहिमेतून बाहेर पडला. उरले ती आणि दिशादर्शक फ्रेड नूनन. मोर्समध्ये दोघांचाही हात बसलेला नव्हता.

मॅनिंग असता तर ती वाचली असती, असा माझा दावा नाही. पण ‘सुदैवाने जीवितहानी नाही’ म्हणत या अपघाताला किरकोळ ठरवणारे मला पटत नाहीत. मोडलेली चाके लॉकहीडने नवी करून दिली. २ जुलैला हाउलंडपाशी उभ्या असलेल्या इटास्का जहाजाला तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ती कोणत्या दिशेला आहे, ते मात्र कळत नव्हते.