टाळ्यांनी चूल पेटत नाही

अमेरिकेतल्या नटनट्यांच्या पोरांसाठी डोळे पुसायचे, आणि नारायणगावच्या फडातल्या पोरीचे नाव निघाले की नाक मुरडायचे, ही आपल्या सुशिक्षित घरांतली जुनी रीत आहे. दिवाळीच्या ताटावर हा विषय काही जणांना रुचणार नाही. पण चकलीबरोबर थोडा ठेचाही चालतो, म्हणून लिहितो.

‘बेब्ज इन आर्म्स’ नावाचा १९३९ सालचा एक हॉलिवुडी संगीतपट आहे. बोलपट आले आणि तिकडचा व्हॉडव्हिल नावाचा जुना खेळ बसला. नकला, नाच, गाणी, विनोद असे सारे त्यात असे. त्या खेळातले आईबाप पुन्हा नशीब काढायला दौऱ्यावर निघतात, पण पोरांना मागेच ठेवतात. लगेच गावातली एक संभावित बाई न्यायाधीशाला गाठते आणि म्हणते, या पोरांना सरकारी कामशाळेत धाडा. न्यायाधीश महिन्याची मुदत देतो. मग मिकी रूनी आणि ज्यूडी गार्लंड सगळी पोरे जमवून स्वतःच खेळ उभा करतात. उघड्यावर मांडलेला खेळ ऐन रंगात येतो, तोच वादळ सुटते नि सारे धुऊन नेते. तरी शेवटी न्यूयॉर्कचा एक निर्माता धावून येतो आणि सगळ्यांचे भले होते.

आता त्या वादळाच्या जागी वैशाखातला वळीव घाला. व्हॉडव्हिलच्या जागी गण, गवळण, बतावणी आणि वग घाला. आजीपाशी ठेवलेली पोरे तर जशीच्या तशी सापडतील. संभावित बाई शोधायलाही फार लांब जायला नको. सापडणार नाही तो एकच, धावून येणारा निर्माता!

मी शिनोलीचा, म्हणजे आंबेगाव तालुक्यातला. तमाशाची पंढरी म्हणतात ते नारायणगाव आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पुढारी येतात, राहुटीत बसून चहा पितात आणि सुपारी ठरवतात. तिथली घासाघीस एकदा ऐकून पाहावी. देवाच्या पालखीपुढे हजारोंचे फटाके उडवणारा माणूस तिथे पाचशे रुपयांसाठी उठून जाण्याचे नाटक करतो. फडमालक हसतो, कारण रागावणे त्याला परवडत नाही. त्याने कलावंतांना हंगामाची उचल आधीच देऊन टाकलेली असते. कलावंतांनी ती पावसाळ्यातच खाऊन संपवलेली असते. म्हणजे नाचणारी बाई बोर्डावर पाऊल ठेवते तेव्हा ती कर्ज फेडायला उभी असते. तिला यशाच्या मागे धावणारी कलावती म्हणणे ही थट्टा आहे. २०२० आणि २०२१ साली महामारीने यात्रा बंद पडल्या, तेव्हा या उचलीचे काय झाले असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. लोकांनी मग हात जोडून खेळ थांबवला, असे सांगतात. ही गोष्ट सांगताना वक्त्यांचा ऊर भरून येतो, सभागृह कडाडते. माझा राग आहे तो या कडकडाटावर. दिवस भरलेली बाई बोर्डावर होतीच का, हे कुणी विचारत नाही. सुपारी घेतलेली होती, फडाची सारी तोंडे तिच्या पायांवर जगत होती, हे त्याचे उत्तर आहे. १९३३ सालच्या ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ या बोलपटात मुख्य नटीचा घोटा मोडतो, तिला विश्रांती मिळते आणि मागच्या रांगेतली पोर रातोरात तारका होते. आपल्याकडे बाईला बाळंतपणाचीही सुट्टी नाही, आणि त्याला आपण कलेची निष्ठा म्हणतो! निष्ठा तिची होती, त्यात शंका नाही. पण लाज आपली होती, तेवढीच आपण सोयीने गाळतो. त्यांना दोनदा राष्ट्रपतींच्या हातून गौरव मिळाला. २००२ साली त्या गेल्या, आणि शेवटचे दिवस त्यांनी पैशाच्या ओढाताणीत काढले. २००६ पासून सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते, हे चांगलेच आहे. नाव मोठे झाले की हार घालायला माणसे सापडतात.

‘पण तमाशात आता पूर्वीचे राहिले नाही हो, सगळा धांगडधिंगा!’ असे म्हणणारे सद्गृहस्थ असतात. असतील ना! पण गवळण अर्ध्यावर तोडून सिनेमाचे गाणे मागणारी शिट्टी कोणत्या रांगेतून येते? पुढच्याच. सकाळी संस्कृती बुडाली म्हणून तोच माणूस पारावर बसून उसासे टाकतो. वगाला बसायला त्याला वेळ नसतो. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी. रात्रभर रंगणारा वग दोन तासांत कोंबायचा आणि मग तो रंगत नाही म्हणायचे.

आणि त्या पडद्यावरच्या यशाचे तरी काय? ज्यूडी गार्लंड त्या वेळी जेमतेम सतरा वर्षांची होती. कामासाठी जागे राहायला एक गोळी आणि झोपायला दुसरी, असे आपले दिवस जात, हे पुढे तिनेच सांगितले. १९६९ साली, सत्तेचाळीसाव्या वर्षी, झोपेच्या गोळ्यांनीच ती गेली. तात्पर्य, आपण टाळ्या वाजवतो तेव्हा पडद्यामागे कोण काय गिळते हे आपल्याला ठाऊक नसते. फडाच्या बाबतीत मात्र ठाऊक असते, कारण कनात आपल्याच शेतात लागते.

म्हणून यंदा यात्रेच्या वर्गणीला माझ्या दारी येणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवतो. वर्गणी देईन, पण तीन गोष्टी विचारून. बायांनी कपडे कुठे बदलायचे? त्यांना पाणी आणि संडास कुठे? ठरलेली रक्कम खेळापूर्वी पुरी देणार, की ‘गर्दी कमी झाली’ म्हणून सकाळी कापणार? एका गावच्या बैठकीत हे विचारले तेव्हा एक जण म्हणाला, ‘मास्तर, तमाशाला संडास कशाला?’ सगळे हसले. पुढे मंडपाच्या झालरीचा रंग कोणता असावा यावर पाऊण तास चर्चा झाली.