कोड आणि कौतुक

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

आपल्या मराठीत 'कोड' या शब्दाला दोन अर्थ आहेत. आई लेकराचे कोड पुरवते तेव्हा तो लाडाचा शब्द असतो. तोच शब्द 'तिला कोड आहे' असा उच्चारला, की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो आणि ऐकणारा इकडेतिकडे पाहून घेतो. या दोन शब्दांचे नाते मराठीच्या प्राध्यापकांनी सांगावे. मला लिहायचे आहे ते दुसऱ्या कोडाविषयी, आणि तेही त्यावर आज जे उपचार निघाले आहेत त्यांच्या निमित्ताने. माझ्या थोरल्या बहिणीला कोड आहे. हे लिहिण्याआधी मी तिला विचारले आहे. ती एवढेच म्हणाली, "लिही, पण रडके लिहू नकोस."

कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. हे वाक्य सर्वांना पाठ आहे आणि फारसा कोणाचा त्यावर विश्वास नाही. हिंदीत कोढ़ म्हणजे कुष्ठरोग, मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग. घोटाळ्याला येथूनच सुरुवात होते. वास्तविक कुष्ठरोगाचा चट्टा फिकट होतो, दुधासारखा पांढरा होत नाही, आणि बहुधा त्या जागेची संवेदना कमी होते. कोडाच्या डागाला टाचणी टोचली तर इतर कातडीइतकेच दुखते. कोड एकाचे दुसऱ्याला लागत नाही. कुष्ठरोगाचे म्हणाल, तर तोही औषधाने पूर्ण बरा होतो, आणि घटस्फोटाच्या कारणांतून २०१९ च्या कायद्याने त्याचे नाव काढून टाकले आहे. म्हणजे ज्या रोगाशी गल्लत करून आपण कोडाला वाळीत टाकतो, त्या रोगावरूनही आता नवराबायकोला एकमेकांपासून फारकत मागता येत नाही.

जुन्या लोकांना हा फरक कळत होता. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या घराशी सोयरीक करू नये याची यादी आहे. तीत श्वित्र म्हणजे पांढरे कोड आणि कुष्ठ हे वेगवेगळे सांगितले आहेत. गंमत अशी, की त्याच यादीत मूळव्याध असलेले घर आणि अंगावर फार केस असलेल्यांचे घरही वर्ज्य आहे. मूळव्याधीवरून मोडलेले लग्न निदान आमच्या पंचक्रोशीत तरी ऐकिवात नाही. यादीतले सोयीचे तेवढे आपण उचलले.

कोड का होते, याचे उत्तर आता बरेच स्पष्ट झाले आहे. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. आपल्याच रक्तातल्या संरक्षक पेशी चुकून त्यांना शत्रू समजतात आणि मारतात. घरचा कुत्रा घरच्यांवर धावून जावा तसा हा प्रकार. जगात शंभर माणसांमागे साधारण अर्धा ते दोन जणांना कोड असते. मागच्या जन्मीचे पाप, दही, मासे, आंबट यांचा त्याच्याशी संबंध नाही. ताईने चार वर्षे दही आणि चिंच तोंडात घातली नाही. डाग मात्र आपल्या गतीने वाढत राहिले.

ज्यांना हा रोग आहे त्यांच्या कातडीला घर्षण सोसत नाही. जेथे खरचटते, काचते, तेथे नवा डाग उठू शकतो. ताईच्या कमरेवरचा डाग परकराच्या नाडीखाली उठला. डॉक्टरांनी नाडीऐवजी रुंद पट्टी वापरायला सांगितली. आमच्या घरी झालेला हा सर्वांत स्वस्त उपचार. दुसरी एक गोष्ट बायकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. काही चिकटणाऱ्या टिकल्यांच्या गोंदात एक रसायन असते, ते रंगपेशींना मारते, आणि कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. रबरी चपलांच्या पट्ट्यांखालीही असे डाग पडलेले आहेत. अशा वेळी टिकली आणि चप्पल लगेच बदलावी. देवऋषाकडे जाण्याचे कारण नाही.

आता उपचारांकडे वळतो. बावचीचे बी लावून उन्हात बसायचे, हा आपल्याकडचा फार जुना उपाय. तो खोटा नव्हता. बावचीत सोरालेन जातीची द्रव्ये असतात; ती कातडीला लागली की उन्हाचा परिणाम कितीतरी पटींनी वाढतो. इजिप्तमध्येही नाईल नदीकाठच्या एका वनस्पतीचा असाच उपयोग करीत. तिच्यातले द्रव्य १९४० च्या दशकात कैरोचे डॉक्टर एल मोफ्ती यांनी कोडावर वापरले आणि या देशी ज्ञानाला शास्त्राची बैठक मिळाली. पण औषध किती आणि ऊन किती, हे मोजल्यावाचून हा उपाय म्हणजे आगीशी खेळ. आमच्या आठवडी बाजारात एक वैदू बसतो. त्याने ताईला बावचीचे तेल दिले आणि 'भरपूर ऊन घे' म्हणून सांगितले. वैशाखातले ऊन. तिच्या हातावर सुपारीएवढे फोड आले आणि ते वाळल्यावर डाग आणखी पसरला.

१९९७ साली ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की अतिनील किरणांचा एक अरुंद पट्टा, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा, औषध न लावताही कोडावर काम करतो. कपाटासारख्या पेटीत उभे राहायचे, डोळ्यांवर काळा चष्मा, काही सेकंदांपासून सुरुवात करून वेळ हळूहळू वाढवायचा. डागात आधी मिरीएवढे तपकिरी ठिपके दिसू लागतात. रंगपेशींचा साठा केसांच्या मुळाशी लपून राहिलेला असतो, तेथून त्या बाहेर येतात. म्हणून ज्या डागातले केसही पांढरे झाले, तेथे आशा कमी. आणि जेथे केसच नाहीत, म्हणजे ओठ आणि बोटांची टोके, ती जागा सर्वांत हट्टी. एक्झायमर नावाचा ३०८ नॅनोमीटरचा लेसरही याच तत्त्वावर चालतो. तो लहान डागापुरता मारता येतो, बाकीच्या कातडीला त्रास नाही.

लावायच्या औषधांत स्टेरॉइडची मलमे सर्वांत जुनी. ती उपयोगी आहेत, पण महिनोन्‌महिने चोपडली तर कातडी पातळ होते, खालच्या लाल शिरा दिसू लागतात. टॅक्रोलिमस नावाच्या मलमाने कातडी अशी झिजत नाही, म्हणून चेहऱ्यासाठी ते बरे. अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये रुक्सोलिटिनिब या मलमाला खास कोडासाठी परवानगी मिळाली. आमच्यासारख्यांनी त्याची किंमत विचारू नये, एवढी ती आहे.

राहिली शस्त्रक्रिया. मांडीची निरोगी कातडी एक-दीड मिलिमीटरच्या गोल गोल तुकड्यांनी काढून डागात रोपायची, ही एक रीत. भाताची लावणी पाहिलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. दुसरी रीत कोलंबियाच्या फालाबेला यांनी १९७१ साली सांगितली : हवा ओढून घेऊन मांडीवर फोड आणायचा आणि त्याचे झाकण तेवढे उचलून डागावर बसवायचे. तिसरी सर्वांत नाजूक. थोडी कातडी खरवडून तिच्या पेशी सुट्या करायच्या, डागाचा वरचा थर लेसरने किंवा फिरत्या चाकाने घासून काढायचा आणि त्यावर त्या पेशी पेरायच्या. १९९२ साली फ्रान्सच्या गोतिए यांनी ही दिशा दाखवली. तिच्यात थोड्या कातडीत मोठा डाग भरतो. ही तिन्ही कामे आता आपल्याकडे पुण्या-मुंबईत होतात.

परंतु या सगळ्यांना एक अट आहे, आणि माझ्या लेखाचे कारण ती अट आहे. रोग थांबलेला असला पाहिजे. निदान वर्षभर नवा डाग नको, जुना वाढता नको. रोग चालू असताना कातडी रोपली तर रोप जगत नाहीच, उलट मांडीवर जेथून कातडी काढली तेथेही नवा डाग उठण्याची भीती असते.

ताईला दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या इस्पितळात किरणांचा उपचार सुरू झाला. आठवड्यातून दोन वेळा. आमच्या गावापासून जिल्हा ५८ किलोमीटर. सहा महिन्यांत ५२ खेपा. बायकांना एस. टी. त २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्याचा आधार झाला. पण ताई शिवणकाम करते आणि खेपेचा सबंध दिवस मशीन बंद. पेटीत उभे राहायचे ते दोन मिनिटे, त्यासाठी सकाळी सातची गाडी आणि संध्याकाळी सहाला घर. त्यात मध्येच पेटीचे दिवे गेले. दीड महिना 'पुढच्या आठवड्यात या' हे उत्तर मिळाले. एवढे होऊनही पोटावरचे आणि दंडावरचे डाग पुष्कळसे भरले. बोटे आणि ओठ तसेच राहिले.

गेल्या वर्षी एक स्थळ आले. मुलगा बरा, शिकलेला. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, की ओठ तेवढे नीट करून घ्या, मग पुढचे बोलू. तुळशीच्या लग्नानंतर बार उडवू. वडील सोयाबीनवर उचल घ्यायला निघाले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि स्वच्छ नाही म्हणाल्या, कारण घोट्यावर एक नवा डाग होता. आणखी वर्षभर थांबा. मग वडील शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात गेले. तेथे घोट्याकडे कोणी पाहिलेच नाही. आगाऊ रक्कम आणि तारीख, एवढेच विचारले.

ताईने नकार दिला. ती म्हणाली, "मला ओठ व्हायला हवेत. पण मला हवेत म्हणून. त्यांच्या तारखेला नको." स्थळ गेले. वडील तिच्याशी पंधरा दिवस नीट बोलले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे मुलीचे उभे आयुष्य होते. पण ताईचेच बरोबर होते, असे माझे ठाम मत आहे. रोगाला मुहूर्त कळत नाही. लग्नसराईत घाईघाईने करवून घेतलेली शस्त्रक्रिया हा उपचार नव्हे, तो हुंड्याचाच एक हप्ता आहे. फरक इतकाच, की तो मुलीच्या मांडीतून कापून घेतात.

याच्या उलट बोलणारेही आहेत, आणि ते बहुधा आपल्या महाविद्यालयातच भेटतात. त्यांचे म्हणणे, उपचार हवेच कशाला? आहे तसे स्वीकारा, रंगाचे काय एवढे? २५ जून हा मायकेल जॅक्सनच्या मृत्यूचा दिवस जागतिक कोड दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी अशी भाषणे होतात. ती वाईट नसतात. त्या गायकाने १९९३ साली दूरदर्शनवरील मुलाखतीत आपल्याला हा रोग असल्याचे सांगितले, तरी तो मुद्दाम गोरा होतो आहे असेच लोक म्हणत राहिले. आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट आहे. त्यातली नायिका स्वतः डॉक्टर आहे आणि तिला कोड आहे. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी 'श्वेता असोसिएशन' उभी केली. तेथे कोड असलेली माणसे एकमेकांना भेटतात, त्यांचे वधूवर मेळावेही झाले आहेत. अशा मेळाव्यांविषयी माझे मन दुभंगते. त्यातून संसार उभे राहिले तर आनंदच आहे. पण डागवाल्यांनी डागवाल्यांशीच लग्न करावे, ही वेगळी पंगत झाली, आणि तिचे कौतुक करून बाकीचा समाज मोकळा होतो.

'आहे तसे स्वीकारा' हे वाक्य ज्याला डाग आहेत त्याने स्वतःला सांगावे. दुसऱ्याने त्याला सांगितले, की तो आणखी एक हुकूम होतो. एक बजावतो बरी हो, दुसरा बजावतो बरी होऊ नकोस. ताईला विचारले कोणीच नाही. दात पुढे असले तर तार लावतो, नजर कमी झाली तर चष्मा लावतो, तेव्हा आपण कोणाला तत्त्वज्ञान ऐकवत नाही.

मग करायचे काय? किरणांची पेटी ही काही हृदयाच्या शस्त्रक्रियेची यंत्रसामग्री नव्हे. ती तालुक्याच्या रुग्णालयात ठेवता येईल. सोरायसिसच्या रोग्यांनाही तिचा उपयोग होतो, म्हणजे ती रिकामी पडणार नाही. ५८ किलोमीटरचे १४ झाले तर अर्धवट उपचार सोडून देणारे कितीतरी जण टिकतील. आमच्या गावात तिघांनी असा उपचार सोडला. तिघीही बायका, आणि तिघींनी कारण एकच सांगितले : रोज बुडतो.

आपल्या हातातलेही काही आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात दर वर्षी रक्तदाब तपासतात, रक्तगट काढतात. त्यात एक दिवस त्वचारोगाच्या डॉक्टरांना बोलवावे. टाचणीची परीक्षा गावासमोर करून दाखवावी; पंचवीस भाषणांपेक्षा तिचा उपयोग होईल. आणि शिबिराच्या स्वयंपाकातून 'तू वाढायला नको, पाण्याचे बघ' असे सांगून ज्या विद्यार्थ्याला गेल्या वर्षी बाजूला केले, त्याच्या हाती या वर्षी भाताची पळी द्यावी. त्याच्या ओठांवर डाग आहेत. हातावर एकही नाही, आणि असते तरी काही बिघडले नसते. या दोन्ही सूचना मी कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे लेखी दिल्या आहेत. शिबिर जानेवारीत आहे.